चार नंबरचा वारा

कमरेमागे दोन पंखे, तळव्याएवढे.
बटण दाबलं की जाकीट वारं पितं
आणि मी, कुरामोची, वय एकाहत्तर, वजन पन्नास,
कुमागायाच्या रस्त्याकडेला
सुमो पैलवान होऊन उभा राहतो.
लाल निशाण: थांबा.
पांढरं निशाण: या.
एवढंच माझं काम. बाकी सगळं उन्हाचं.

फुसाए म्हणते, शेगडीवर ठेवलेला
तांदळाचा मोची फुगतो ना, तसा दिसतोस.
आडनावाला जागलास म्हातारपणी.

लोकांना वाटतं, आत गारवा असेल.
गारवा कसला?
बाहेर एकोणचाळीस, तर आत शिरतो तोही एकोणचाळीसच.
फक्त पाठीवरून धावतो, घाम वाळवतो,
बगलेतून वर चढतो
आणि कॉलरमधून निसटताना
कानात काहीतरी पुटपुटत जातो.
पुटपुटत नाही, घोंघावतो.
एक नंबरवर गांधीलमाशी,
दोनवर पोळं,
आणि चारवर जगात दुसरं काही नाही.
झाडावरचे सिकाडा नाहीत, खोदायचं यंत्र नाही,
ट्रक नुसती तोंडं हलवत जातात.
कानांना दडे बसलेला माणूस
फार शांत दिसतो लांबून.

बॅटरीचा हिशेब मला पगारापेक्षा पाठ:
एकवर दहा तास, चारवर साडेतीन.
सकाळी चिक्कूपणा करायचा,
अकरानंतर उधळायचं.

थिएन खाली खड्ड्यात असायचा, पाइपापाशी.
एकवीस वर्षांचा, व्हिएतनामच्या कुठल्याशा नदीकाठचा.
त्याचं जाकीट पुढच्या महिन्यात येणार होतं.
(पुढचा महिना म्हणजे सप्टेंबर, हिरुमासाहेब.)
तोवर तो रात्री बाटली गोठवायचा,
टॉवेलात गुंडाळून मानेला बांधायचा.
नऊपर्यंत बर्फ,
दहाला पाणी,
मग नुसतं कोमट ओझं.
तरी गाठ सोडायचा नाही.

त्या दिवशी ऊन मी म्हणत होतं.
मी चारवर.
त्यानं वर बघितलं. ओठ हलले.
मला वाटलं, नेहमीचंच:
कुरामोचीसान, आज फार जेवलात.
मी हसलो. गमतीनं पांढरं निशाण हलवलं,
या, या.
तो आला नाही. खाली बसला,
आणि बसल्या जागी कलंडला.

पुढचं डोक्याला आठवत नाही, हातांना आठवतं.
सगळ्यांच्या बाटल्या त्याच्यावर ओतल्या,
माझं जाकीट त्याच्यावर पसरलं.
ते फुगलं, बसलं, पुन्हा फुगलं.
हा श्वास त्याचा की पंख्याचा,
कळेना.
दोन्ही बाजूंना गाड्या थांबलेल्या.
निशाण कुणाच्याच हातात नव्हतं.

आठ दिवसांनी आला, चेहरा उतरलेला.
विचारलं, तेव्हा काय म्हणाला होतास?
आठवत नाही, म्हणाला.
जरा वेळानं म्हणाला, पाणी, बहुतेक.
आणखी जरा वेळानं,
बहुतेक माझ्याच भाषेत.

आता त्याला जाकीट मिळालंय. दोन मापं मोठं.
खड्ड्यात निळा फुगा हलताना दिसतो.
पण फुग्याच्या आत कोण कसं आहे,
ते वरून दिसत नाही.
म्हणून मी मधूनमधून बटण बंद करतो.
जाकीट पिचकून बरगड्यांना लागतं,
ऊन ओल्या कागदासारखं पाठीला चिकटतं,
आणि सिकाडा एकदम अंगावर येतात,
जणू इतका वेळ दाराबाहेर ताटकळत होते.
मी वाकून हाक मारतो.
खालून येतं, "हाय!"
आमच्याकडे त्याचा अर्थ हो.

संध्याकाळी बॅटरीचे दोन दिवे शिल्लक असतात.
चार्जिंगला लावताना फुसाए म्हणते,
आज ऊन कमी होतं वाटतं.
मी म्हणतो, हो.